पानावर बघ

थोरलीचं पान भाजी शिजेपर्यंत तयार व्हायचं. ही बढाई नव्हे. भाजीवर झाकण ठेवून ती जेवणाच्या टेबलाशी यायची, त्या दिवशीच्या सहलीचे आठ-दहा फोटो छोट्या प्रिंटरमधून काढायची, त्यातले चार निवडायची, कात्रीने कडा मारायची, डबल टेपने जाड कार्डावर दाबायची, खाली काळ्या पेनाने ठसठशीत अक्षरात एक ओळ लिहायची आणि भाजी बुडाला लागायच्या आत पुन्हा शेगडीपाशी हजर. कार्ड चिकटवहीत अडकवलं की काम संपलं. सहल बागेतली असो की प्राणिसंग्रहालयातली, पान त्याच संध्याकाळी झालंच पाहिजे असा तिचा दंडक होता, कारण आईच्या डोक्यात सहल सकाळपर्यंत टिकत नसे.

आईला विसरण्याचा आजार होता. कालचं तर जायचंच, पण आता जुनंही झिजत चाललं होतं. आपल्याला दोन मुली आहेत, थोरली आणि चिंगी, हे तिच्या मनात पक्कं होतं. फक्त त्या नावांना लावायचे चेहरे निसटले होते. रोज सकाळी ती उशीवरून मान उचलून विचारायची, "तू कोण गं?" थोरली सांगायची, "मी थोरली." आई म्हणायची, "हो का," आणि तेवढ्यावर दिवस सुरू व्हायचा.

फोटो दाखवा, खाली सोपी वाक्यं लिहा, रोज वाचून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं तेव्हा थोरलीला हसू आलं होतं, कारण हे तर तिच्या धंद्याचंच काम. पडद्याच्या कापडांचे तुकडे कार्डांवर चिकटवून दुकानांसाठी नमुन्याची पुस्तकं बांधायची, हे ती घरी बसून करायची. करवतीच्या धारेची कात्री तिच्या हातात अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. कापडाच्या जागी मामाचं टक्कल आलं, एवढाच काय तो फरक.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गाडी त्याची, म्हणून सहलीला तो. गाडीत बसल्या बसल्या उकडलेली अंडी सोलायची, पोचल्यावर पहिला सावलीतला बाक गाठायचा आणि परत निघेपर्यंत घोरायचं, हा त्याचा कार्यक्रम. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडे कष्ट पडतात, तेवढेही त्याला नको असायचे.

चिकटवहीचा उपयोग झाला आणि चांगलाच झाला. सकाळी आई पान उघडायची, ओळीखाली बोट ठेवून वाचायची, आणि कालची सहल तिला परत मिळायची. "अगं बाई, मोर बघितला आपण," असं म्हणून ती दिवसभर त्या मोरावर खूश असायची. कधी गोंधळली, भलतंच काही बोलायला लागली, की थोरली हातातलं काम न सोडता म्हणायची, "आई, पानावर बघ. पानावर असतं तेच खरं." आई पानावर बघायची आणि गप्प व्हायची. वाद घालायची गरजच उरली नाही. वर्षानुवर्षं त्या बाईशी वाद घालून थोरलीचा घसा सुकला होता, आणि आता एक कार्ड पुढे सरकवलं की भागत होतं.

मग हळूच एक दिवस थोरलीच्या लक्षात आलं की पानावर काय असावं हे आपण ठरवतो.

सुरुवात अगदी साधी झाली. बदकांच्या तळ्याकाठी मामा चिखलात सपशेल आडवा झाला होता, त्याचं खापर त्याने आईवर फोडलं होतं, आणि परतीच्या वाटेवर दोघं बहीणभाऊ शाळकरी पोरांसारखी भांडली होती. थोरलीने पानावर मामाचा पडण्याआधीचा, बदकाला पाव घालताना दात काढलेला फोटो लावला. सकाळी आई म्हणाली, "काल काय मजा आली. भाऊ किती हसत होता." संध्याकाळी मामा आला तेव्हा तिने त्यालाही तेच सांगितलं. मामाने एकदा थोरलीकडे पाहिलं, गुडघ्याचं खरचटलेलं खाजवलं आणि म्हणाला, "हसलो खरा." थोरलीला त्या दिवशी जे वाटलं त्याला आनंद म्हणावं की आणखी काही, कोण जाणे. पण तिला ते फार आवडलं.

आता धाकटीचं. धाकटी दूरच्या शहरात एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करायच्या टेबलावर होती. पाळ्यांची नोकरी, रजेची मारामार. दर रविवारी फोन करायची, वर्षातून दोन-तीनदा यायची. यायची ती हसत, गळ्यात पडत, आईच्या गालाला गाल लावत, आणि एका दिवसात सगळं घर गोड करून दुसऱ्या दिवशी निघून जायची. मागे चादरी, औषधं, ओले कपडे आणि आईची पोटाची तक्रार थोरलीकडे. धाकटीचं लाडाचं नाव चिंगी. थोरलीला लाडाचं नाव नव्हतं. तिचं लहानपणापासून 'अगं'वरच भागत आलं होतं.

धाकटीचा फोटो पानावर दिसला की आई सकाळभर तोच धोशा लावायची. "ही चिंगी. चिंगी कुठे गेली? चिंगी केव्हा येणार?" एकदा थोरली खाली बसून तिचे पाय धूत होती, तेव्हा आई चिकटवही मांडीवर घेऊन म्हणाली, "चिंगी असती तर पाणी इतकं गरम केलं नसतं." पाणी कोमट होतं. थोरलीने पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवला, मोजे चढवले. चार वर्षं ती हे करत होती आणि चार वर्षांत 'बरं वाटलं गं' एवढंही कधी कानावर पडलं नव्हतं. तिला धाकटीचा राग यायचा हे म्हणणं फार सौम्य होईल. तिला धाकटीचं नाव आईच्या तोंडून ऐकलं की त्या तोंडावर हात दाबावासा वाटायचा.

पहिल्यांदा कापलं ते जागा पुरेना म्हणून. बागेतल्या सहलीचा फोटो कार्डाबाहेर जात होता, उजवीकडे धाकटी उभी होती, थोरलीने कात्री लावली. सकाळी आईने पान वाचलं, "आई आणि मामा बागेत," आणि चहा मागितला. बस. चिंगीचं नाव नाही की काही नाही. थोरली कपात साखर ढवळत उभी राहिली, ढवळतच राहिली. त्या दुपारी आई झोपल्यावर तिने जुनी सगळी पानं काढली आणि एकेका पानावरून धाकटी काढून टाकली. जिथे कापता येईना तिथे वर दुसरा फोटो चिकटवला, फुलांचा, नाहीतर मामाचा. मामाचे फोटो मुबलक होते. कापलेले तुकडे तिने फेकले नाहीत. कात्रण फेकायचं नाही, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, ही धंद्याची सवय. सगळे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेले.

महिन्याभरात आईने चिंगीबद्दल विचारणं सोडलं. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या वेळी धाकटी आली तेव्हा बऱ्याच महिन्यांनी आली होती. तळ्यावर जायचं ठरलं. मामाची गाडी दाराशी उभी होती, धाकटी पायऱ्या चढून धावत वर आली आणि खुर्चीतल्या आईपुढे गुडघे टेकून बसली. "आई, ओळख बघू कोण?"

आईने सभ्यपणे हसून थोरलीकडे पाहिलं. "कोण गं या?"

धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि थोरलीने तो नीट बघितला. मग म्हणाली, "आजार वाढतोय तिचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. तू मनाला लावून घेऊ नकोस."

पण धाकटीही काही लेचीपेची नव्हती. दिवसभर तिने आईला सोडलं नाही. तळ्याकाठी आईची खुर्ची हलवून उन्हात घेतली, तिचे केस विंचरले, लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, कपाट उघडून काचेची बरणी कशी फोडली होती ते साभिनय करून दाखवलं. होडीत बसायचा हट्ट तिचाच. होडीवाला नाही म्हणत होता, त्यालाही तिने गोड बोलून पटवलं. आईच्या मागच्या फळीवर ती बसली, पुढे वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि थोरलीने काठावरून फोटो काढले. उतरताना आईचे बूट भिजले. मामा जागा होऊन तेवढ्यात आला होता. धाकटीने आपला फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, आमचा तिघींचा काढ एक. ताई कधी फोटोत येतच नाही." थोरलीच्या एका खांद्याला पिशवी, काखेत थर्मास, हातात आईचे ओले बूट. ठेवायला जागा शोधेपर्यंत मामाने बटण दाबलंसुद्धा.

संध्याकाळी, गाडीत, आईने धाकटीच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी सहज म्हणाली, "चिंगी, नखं कापत जा गं."

धाकटी रडायलाच लागली. तिला रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं. स्टेशनबाहेर उतरताना तिने थोरलीचे दोन्ही हात धरले. "ताई, आजचं पान नक्की लाव. होडीतला फोटो मोठा लाव. खाली माझं नाव लिही. मला आता लवकर यायला जमणार नाही. रोज वाचेल तर निदान राहीन तरी तिच्या डोक्यात. एवढं कर माझ्यासाठी."

"करते की," थोरली म्हणाली. "तू निश्चिंत जा."

घरी येऊन तिने भाजी टाकली, झाकण ठेवलं आणि होडीतला फोटो काढला, मोठा, सांगितल्याप्रमाणे. फोटो खरंच छान आला होता. आईचं तोंड इतकं उघडं, इतकं हसरं, की वरच्या दातांची कवळी दिसत होती. थोरलीने त्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. आपल्याकडे बघून हे तोंड असं कधी उघडलं, ते आठवून पाहिलं आणि आठवलं नाही. मग तिने कात्री घेतली. धाकटी डोक्यापासून कंबरेपर्यंत एका वळणात निघाली. हात मात्र राहिला, कारण तो कापायचा तर आईचा खांदा कापावा लागला असता. मनगटाशी कात्री वळवून तिने काम आटोपलं आणि खाली लिहिलं, 'आई होडीत बसली.'

मामा चहासाठी थांबला होता. त्याने पान पाहिलं, हात पाहिला, टेबलावर पडलेला धाकटीचा तुकडा पाहिला. घसा खाकरला. थोरलीने वर मान करून विचारलं, "काय मामा?"

"काही नाही. साखर आहे का अजून?"

सकाळी आईचं बोट ओळीवरून फोटोवर गेलं आणि खांद्यावर थांबलं. "हा हात कुणाचा गं?"

"माझा," थोरली म्हणाली.

आईने तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या खांद्यावर ठेवून घेतला. असं कधी झालं नव्हतं. थोरली ओणवी, अवघडून उभी राहिली. पाठीत कळ आली तरी तिने हात काढला नाही.

रविवारी धाकटीचा फोन आला, चेहरा दिसणारा. थोरलीने फोन आईसमोर धरला. आईने पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो, आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"आई, मी चिंगी."

"चिंगी?" आई गोंधळली. थोरलीकडे वळून हळूच म्हणाली, "ही चिंगी म्हणते स्वतःला. तू बघ बाई काय ते." आणि चिकटवही उघडून पानं उलटायला लागली, कारण शंका आली की पानावर बघायचं हे तिला शिकवलेलंच होतं. तिने सगळी पानं पाहिली. "नाही," ती म्हणाली. "नाहीये ही."

धाकटीचा आवाज बारीक झाला. "ताई, होडीचं पान लावलंस ना?"

"लावलं की."

"दाखव जरा कॅमेऱ्यासमोर."

"आता तिची औषधाची वेळ झाली," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला वाटलं ते असं की हॉटेल दूर आहे आणि रजेची मारामार आहे.

चूक तिची एवढीच झाली की धाकटीला तिने तिच्या गोड बोलण्याइतकीच मऊ समजलं. तीन-चार दिवसांनी थोरली नमुन्याची पुस्तकं दुकानात पोचवून दुपारी घरी आली, तर धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसलेली. शेजारी आई, कोटाची बटणं लावून, पाहुण्यांसमोर बसतात तशी सावरून. टेबलावर चिकटवही उघडी. आणि बिस्किटांचा डबा पालथा केलेला. धाकटीने आपले सगळे तुकडे काढून ओळीने मांडले होते, थोरली कापडाचे नमुने मांडते तसेच. हसणारी धाकटी, डोळे मिटलेली धाकटी, आइसक्रीम चाटणारी, अर्धीच, नुसतं डोकं, होडीतली बिनहाताची. टेबल भरून गेलं होतं.

"बस ताई," धाकटी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, आणि तेच थोरलीला झेपेना. "मी इतक्या सहलींना आले होते. माझ्या लक्षातच नव्हतं."

थोरली बसली नाही. "तू येतेस, गालाला गाल लावतेस आणि जातेस. मागचं कोण निस्तरतं? तिला दिवसभर चिंगी चिंगी करताना कोण ऐकतं? चार वर्षांत तिने मला एकदा तरी..."

"म्हणून मला मारून टाकलंस."

"मारलं काय. चांगली धडधाकट बसलीयस समोर."

"तिच्या लेखी नाही. दार तिनेच उघडलं मघाशी. म्हणाली, माझी मुलगी घरी नाही, तुम्ही नंतर या." धाकटीने होडीचं पान थोरलीकडे फिरवलं आणि खांद्यावरच्या हातावर नख टेकवलं. "आणि हा हात थोरलीचा आहे, असं मला सांगितलं तिने. कौतुकाने."

आई दोघींकडे आळीपाळीने पाहत होती, आणि भांडण परक्यांचं असलं की म्हातारी माणसं हसतात तशी कसनुशी हसत होती. "मला भूक लागलीय," ती म्हणाली.

"मी एक पान करणार आहे," धाकटी म्हणाली. "एकच. तुझ्याइतकं सुबक नाही जमायचं. तू तिला सूप दे गरम करून."

थोरलीला वाटलं, स्वस्तात सुटले. आता ही आपलं तोंड चिकटवेल, नाव लिहील, चार दिवस चिंगीचा जप ऐकावा लागेल, मग बघता येईल. ती आईचा हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. सूप तापेपर्यंत बाहेरून प्रिंटरची घरघर ऐकू आली, मग कात्रीची कचकच, मग टेप ओढल्याचा आवाज. सूप उतू जायच्या आत चिकटवही मिटल्याचंही ऐकू आलं. म्हणजे हात हिचाही चलाख होता.

निघताना धाकटीने आईच्या गालाला गाल लावला. आईने परक्या माणसाला लावू देतात तसा लावू दिला. दारात धाकटी थांबली. डोळे लाल होते, पण स्वर साधा होता. "ताई, तू तिचं खूप करतेस. ते खोटं नाही. मी तसं लिहिलंय पानावर. सकाळी तिच्याकडूनच वाचून घे."

इतकं सगळं झाल्यावर ही असं लिहून गेली. तिला स्वतःची लाज वाटली, पहिल्यांदाच, आणि खरी वाटली. चिकटवही तिथेच टेबलावर होती, पण तिने ती उघडली नाही. चार वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आईच्या तोंडूनच ऐकायचं, असं तिने ठरवलं. सगळे तुकडे तिने डब्यात भरले आणि उद्या एकेक करून परत चिकटवायचे, असंही मनाशी म्हटलं.

सकाळी आईने उशीवरून मान उचलली. "तू कोण गं?"

"पानावर बघ," थोरली हसून म्हणाली आणि चिकटवही उघडून तिच्या मांडीवर ठेवली. स्वतः आईच्या चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली.

पानावर एकच फोटो होता, मामाने काढलेला, आणि कडा वेड्यावाकड्या कापलेल्या होत्या. पुढे खुर्चीत आई, तिच्या गालाला गाल लावून धाकटी. मागे पिशवी, थर्मास आणि ओले बूट घेऊन उभी असलेली थोरली. आईने चष्मा चढवला, ओळीखाली बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. "आई, चिंगी आणि सांभाळायला ठेवलेल्या बाई. बाई आईचं खूप करतात."

तिने फोटोतल्या बुटांकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या थोरलीच्या तोंडाकडे, मग परत फोटोकडे. ओळख पटल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर पसरलं. "अहो बाई, उभ्या का? बसा ना."

आईने थोरलीला आयुष्यात कधी अहो म्हटलं नव्हतं.

"आई, मी थोरली."

आईने मान हलवली. राग नव्हता, उलट समजूत घालण्याचाच सूर होता. "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही म्हणत मी. पण पानावर बघा ना. पानावर असतं तेच खरं."

"अगं मी तुझी मुलगी आहे. रोज मीच असते इथे. थोरली."

"थोरली आहे हो मला," आई म्हणाली आणि चिकटवहीची पानं मागे मागे उलटू लागली. "पण ती येत नाही. बघा तुम्हीच. एकाही सहलीला आली नाही."

थोरलीने वही हिसकावूनच घेतली. बाग, मोर, बदकं, नदीकाठचा बाक, होडी. मामा, आई, मामा, फुलं, मामा. सगळे फोटो तिने काढलेले आणि सगळ्या ओळी तिने लिहिलेल्या, आणि तिचं नाव एकाही ओळीत नव्हतं. ती तर समोरच असायची. स्वतःला चिकटवायचं तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. एका पानावर गवतात फोटो काढणारीची सावली पडली होती, तीही जागेसाठी अर्धी कापलेली. ती गेली आणि टेबलावरून कात्री घेऊन आली. धाकटीच्या पानाखाली पातं सरकवलं. एक काप, की उद्या सकाळी आई पुन्हा विचारेल, तू कोण गं, आणि ती सांगेल, मी थोरली, आणि आई म्हणेल, हो का.

थोरलीने खाली ठेवलेला कप उचलून आई तेवढ्यात चहा पीत होती. अर्धा कप संपवून तिने तो बशीत ठेवला. "चहा फार चांगला करता हो तुम्ही, बाई. बरं वाटलं अगदी."

चहा रोजचाच होता. तीच पावडर, तेवढीच साखर.

"किती करता माझं," आई म्हणाली आणि पुढे वाकून तिने थोरलीच्या कात्री धरलेल्या हातावर आपला हात ठेवला. "पोटची मुलगी नाही करायची इतकं. तुमचे उपकार आहेत बाई माझ्यावर."

थोरलीने पातं पानाखालून काढून घेतलं आणि कात्री बाजूला ठेवली. आत जाऊन कोमट पाण्याचं घमेलं आणलं, खाली बसली आणि आईचे पाय पाण्यात सोडले. पाणी अगदी हवं तसं आहे, असं आई म्हणाली. बोटांच्या बेचक्या पुसून होईपर्यंत ती तिचं कौतुकच करत होती. थोरलीने मान वर केली नाही.

"उद्या याल ना, बाई?" आईने विचारलं.

"येईन की, आजी," थोरली म्हणाली आणि तिच्या पायांत मोजे चढवू लागली.